चीनमधल्या गोळ्या आणि आपले पोट

प्रश्न : जीवनसत्त्वांच्या गोळ्यांमुळे चीनमध्ये जठराच्या कर्करोगाचे मृत्यू घटले, असे वाचनात आले. माझे वडील याच आजाराने गेले. घरातल्या सर्वांनी या गोळ्या सुरू कराव्यात काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण वाचलेला प्रयोग हेनान प्रांतातल्या लिनशिएन या डोंगराळ भागातला आहे. तिथे अन्ननलिकेचा आणि जठराच्या वरच्या टोकाचा कर्करोग इतका बोकाळला होता की, खुराड्यातल्या कोंबड्यांच्या घशातही तशाच गाठी आढळल्या. सुमारे २९,५०० प्रौढांनी १९८६पासून पाच वर्षांहून अधिक काळ रोज गोळ्या घेतल्या आणि बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व व सेलेनियम एकत्र मिळालेल्यांत जठराच्या कर्करोगाचे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी भरले. अन्ननलिकेच्या कर्करोगावर मात्र ठळक परिणाम दिसला नाही.

ही माणसे मुळातच कुपोषित होती, ताजी फळे त्यांच्या ताटात क्वचितच येत, हे बातमीत बहुधा गाळले जाते. उणीव भरून निघाल्याचा फायदा पोटभर जेवणाऱ्याला मिळेलच असे नाही. उलट फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत बीटा कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे १९९४ मध्ये दिसले. तेव्हा गोळ्यांचे पैसे वाचवा. त्याऐवजी जठरात राहून तिथल्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणी आपल्या घरात करावी का, हे पोटविकारतज्ज्ञांना विचारा. वडिलांच्या आजाराची कागदपत्रे सोबत न्या. कुणाचे वजन विनाकारण घटत असेल किंवा शौचास काळी होत असेल, तर मात्र त्याच आठवड्यात दाखवा.