साठ लिटरच्या माशांच्या टाकीला कार्बन डायऑक्साइड कसा द्यावा?

प्रश्न : ६० लिटरच्या टाकीत वनस्पती लावल्या आहेत. गॅसचा सिलिंडर परवडत नाही. साखर-यीस्टची बाटली पुरेल का?

उत्तर : पुरेल, पण यीस्ट रात्री बंद करता येत नाही आणि बुडबुडे दिवसागणिक मंदावतात. त्यापेक्षा सायट्रिक अ‍ॅसिड आणि खाण्याचा सोडा वापरणारा दोन बाटल्यांचा संच घ्या. मात्र त्याला नीडल व्हॉल्व्ह (गॅसचा प्रवाह बारीक कमी-जास्त करणारी झडप), दाबमापक आणि जादा दाब सोडणारी झडप हवीच.

एका बाटलीत २०० ग्रॅम अ‍ॅसिड ३०० मिली पाण्यात विरघळवा. दुसरीत २०० ग्रॅम सोडा आणि २०० मिली पाणी. सगळा सोडा विरघळणार नाही, चालेल. झाकणं घट्ट लावून अ‍ॅसिडची बाटली दाबली की गॅस सुरू होतो. बाटल्या शीतपेयाच्याच, काचेच्या अजिबात नकोत. नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाहू देणारी झडप) नसेल तर दाब उतरताच टाकीतलं पाणी बाटलीत शिरतं.

सुरुवात सेकंदाला एका बुडबुड्याने, दिवे लागण्याच्या तासभर आधी, दिव्यांबरोबर बंद. ४ डीकेएच (कार्बोनेट कठीणतेचं माप) द्रावणाचा ड्रॉप चेकर, म्हणजे गॅसच्या प्रमाणानुसार रंग बदलणारी टाकीतली छोटी कुपी, हिरवा असेल तर पाण्यात साधारण ३० पीपीएम (दशलक्षात ३० भाग) कार्बन डायऑक्साइड आहे. त्याचा रंग तासा-दोन तासांनी बदलतो, म्हणून आधी मासे पाहा. ते वर येऊन धापा टाकत असतील तर गॅस बंद करा, एअर पंप लावा.