आजारपणाची रजा आणि औषधोपचाराचे खाते

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सरकारी शाळांत काम करणाऱ्या आणि तेथून निवृत्त झालेल्या मराठी वाचकांची काही पत्रे एकाच विषयावर आली आहेत, म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी सिॲटलजवळच्या एका डिस्ट्रिक्टमध्ये (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत) गणित शिकवते आणि येत्या जूनमध्ये निवृत्त होत आहे. आजारपणाची १६० दिवसांची रजा शिल्लक आहे. तिचे पैसे रोख मिळतील आणि मुलीच्या लग्नाला उपयोगी पडतील असे मी धरून चालले होते. पण आमच्या कर्मचारी गटाने मतदान करून हे पैसे ‘व्हेबा’ या वैद्यकीय खर्चासाठीच्या खात्यात घालायचे ठरवले. मला रोख हवे असताना हे माझ्यावर का लादावे?

उत्तर : तुमची तक्रार समजण्यासारखी आहे, पण या खात्याची सगळी करसवलत ज्या अटीवर उभी आहे ती अट नेमकी तुमच्या मनाविरुद्ध जाते. तुमचे व्हेबा खाते हे हेल्थ रीइम्बर्समेंट अरेंजमेंट, म्हणजे एचआरए, या प्रकारचे आहे. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याने, २००२ साली या व्यवस्थेचे नियम स्पष्ट केले. त्यानुसार खात्यात पैसा फक्त नियोक्त्याने घालायचा असतो, कर्मचाऱ्याने आपल्या पगारातून कापून घालायचा नसतो. त्यातून केवळ वैद्यकीय खर्च भरून मिळतो. आणि वर्षअखेरीस उरलेली शिल्लक बुडत नाही, ती पुढे चालू राहते. ‘रोख घ्या किंवा खात्यात टाका’ असा पर्याय एकेकट्या कर्मचाऱ्यापुढे ठेवला, तर खाते निवडणाऱ्यालाही ते पैसे आधी हाती मिळू शकत होते असे मानून त्यावर कर बसतो. म्हणून निवड गटाची असते, आणि गटाचे ठरले की त्यातील प्रत्येक पात्र व्यक्तीला ते लागू होते. तुम्हाला ही सक्ती वाटते. पण तिच्यावाचून सवलतच उरत नाही.

आता हिशेब पाहा. राज्याच्या कायद्याप्रमाणे निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेच्या चार दिवसांमागे एका दिवसाचे वेतन मिळते आणि त्यासाठी जास्तीत जास्त १८० दिवस धरले जातात. तुमच्या १६० दिवसांचे ४० दिवस झाले. रोजचे वेतन ४८० डॉलर धरले, तर रक्कम १९,२०० डॉलर होते. ती रोख घेतली असती तर सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांचा सरकारी आरोग्यविमा) यांच्या करांचे मिळून ७.६५ टक्के, म्हणजे सुमारे १,४६९ डॉलर गेले असते. तुमचा केंद्रीय प्राप्तिकर २२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर आणखी ४,२२४ डॉलर. म्हणजे हातात पडले असते साडेतेरा हजारांच्या आसपास. खात्यात मात्र पूर्ण १९,२०० जमा होतात, त्यांच्या गुंतवणुकीवर वाढणाऱ्या रकमेवर कर नाही आणि पात्र खर्चासाठी काढतानाही नाही. डिस्ट्रिक्टचाही तेवढाच ७.६५ टक्क्यांचा वाटा वाचतो, हे जाता जाता नोंदवतो, कारण डिस्ट्रिक्टला या योजनेत रस का असतो याचे एक कारण तेच आहे. खात्याला दरमहा काही शुल्क पडते आणि गुंतवणूक बाजाराशी जोडलेली असेल तर ती खालीही येते. मोठी शिल्लक घेऊन निवृत्त होणाऱ्याने पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा शेअरच्या फंडात ठेवू नये, असे माझे मत आहे.

लग्नाचा खर्च या खात्यातून होणार नाही. पण निवृत्तीनंतर आरोग्यविम्याचे हप्ते, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम), को-पे (उपचाराच्या वेळी स्वतः भरायचा वाटा) आणि दातांचा खर्च तुम्ही एरवी पेन्शनमधूनच भरला असता. तो सगळा खात्यातून भरून घ्या. तितकी पेन्शन मोकळी होते. एक मात्र सांभाळा. नोंदणीचा अर्ज आणि डिस्ट्रिक्टशी करायचा करारनामा मुदतीत सही करून द्या. करविषयक जबाबदारी उद्या अंगावर आली तर तिची झळ डिस्ट्रिक्टला लागू देणार नाही, असे त्यात तुम्ही लिहून देता. सही नाकारली तर रोख मिळेल, असा गैरसमज शिक्षकांच्या खोलीत अजून ऐकू येतो. प्रत्यक्षात सही न करणाऱ्याचा रजेच्या मोबदल्यावरचा हक्कच जातो.

प्रश्न : मी शाळेतून पॅराएज्युकेटर (शिक्षकांचा साहाय्यक) म्हणून निवृत्त झालो, वय ६८. वर्षातले चार महिने पुण्यात असतो. तेथे रूट कॅनॉल करून कॅप बसवली, चौदा हजार रुपये झाले. हे एचआरएमधून मिळेल का? परतताना सहा महिन्यांची औषधे घेऊन येतो, त्यांचे काय? विमानाचे तिकीट? माझे थोरले बंधू साताऱ्याच्या अनुदानित शाळेत होते; त्यांची बिले सिव्हिल सर्जनच्या तपासणीला जात. येथेही तशी मंजुरी लागते का?

उत्तर : बंधूंच्या अनुभवावरून सुरुवात करतो, कारण दोन व्यवस्थांतील फरक तेथेच कळतो. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यकीय देखभाल नियमांखाली प्रतिपूर्ती मिळते ती सरकारी तिजोरीतून. साहजिकच दर योग्य आहे का, उपचार आवश्यक होता का, हे सरकारी वैद्यकीय अधिकारी पाहतो. तुमच्या खात्यातील पैसा आधीच तुमच्या नावे बाजूला काढलेला आहे. येथे दर कोणी तपासत नाही. खर्च करकायद्याच्या व्याख्येत वैद्यकीय ठरतो का, तो तुमचा किंवा तुमच्या पात्र कुटुंबीयाचा आहे का, खात्यात सहभागी झाल्यानंतरचा आहे का, आणि दुसरीकडून भरून मिळालेला नाही ना, एवढेच पाहिले जाते. एकदा खात्यातून घेतलेला खर्च प्राप्तिकराच्या वजावटीत पुन्हा दाखवता येत नाही.

उपचार कोणत्या देशात झाला याने अडत नाही. तो तेथे आणि अमेरिकेत कायदेशीर असावा लागतो. मेडिकेअर भारतातील उपचाराचे पैसे सहसा देत नाही, त्यामुळे तुमच्यासारख्यांना या खात्याचा खरा आधार पुण्यातच आहे. रूट कॅनॉल चालेल, कॅपही चालेल; दात केवळ पांढरे करून घेतले असतील तर तो सौंदर्याचा खर्च, तो मिळणार नाही.

क्लेम अडतो तो कागदावर. आपल्याकडच्या अनेक दवाखान्यांत छोट्या पावतीपुस्तकातून एक चिठ्ठी फाडून देतात. तिच्यावर ‘ट्रीटमेंट चार्जेस’, एक आकडा आणि झोकदार सही असते, आणि नावाच्या जागी नुसते आडनाव. अशा चिठ्ठीवर पैसे मिळण्याची आशा धरू नका. डॉक्टरांना लेटरहेडवर बिल मागा आणि त्यात तुमचे खात्यावर आहे तसेच पूर्ण नाव, प्रत्येक भेटीची तारीख, कोणत्या दातावर काय केले, कॅपची किंमत वेगळी, आणि एकूण रुपये लिहून घ्या. बिल मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. त्या दिवसाचा रुपया-डॉलर दर छापून सोबत ठेवा. कार्डाचे स्टेटमेंट पैसे दिल्याचे दाखवते, उपचार काय झाला हे दाखवत नाही. ते एकटे पुरत नाही.

औषधांचा नियम जरा चमत्कारिक आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेले, दोन्ही देशांत कायदेशीर असलेले औषध पुण्यात विकत घेऊन पुण्यातच घेतले, तर तो खर्च पात्र आहे. तेच औषध बॅगेत घालून अमेरिकेत आणले, तर ते आयात केलेले औषध ठरते आणि त्याचा खर्च सर्वसाधारणपणे मिळत नाही. म्हणजे तुमच्या सहा महिन्यांच्या साठ्याचे बिल पाठवू नका. च्यवनप्राश आणि तत्सम सर्वसाधारण शक्तिवर्धके दोन्हीकडे बादच. तिकिटाचे म्हणाल, तर प्रवासाचा मुख्य हेतू उपचार असावा लागतो; तुम्ही दरवर्षी पुण्याला जाता आणि तेथे असताना दात दुखला, यात तो हेतू दिसत नाही.

प्रश्न : खात्यातून आईचा खर्च भागवता येईल का? मी अविवाहित आहे. माझ्यानंतर शिल्लक नागपूरच्या भाच्याच्या नावे करता येईल का?

उत्तर : खाते तुमच्यासाठी, जोडीदारासाठी, मुलांसाठी आणि करकायद्याने अवलंबित ठरणाऱ्या नातलगांसाठी आहे. मुलांना ते वयाची २७ वर्षे ज्या वर्षी पुरी होतात त्याच्या आदल्या वर्षअखेरीपर्यंत चालते. आई अवलंबित ठरण्यासाठी तिच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक भार तुमच्यावर असावा लागतो आणि ती अमेरिकेची नागरिक, किंवा अमेरिका, कॅनडा वा मेक्सिकोची निवासी असावी लागते. नागपूरला राहणाऱ्या, भारतीय नागरिक असलेल्या आईचा खर्च, तुम्ही दरमहा कितीही पैसे पाठवत असलात तरी, यात बसत नाही. ग्रीन कार्डावर तुमच्याजवळ राहणाऱ्या आणि तुमच्याच आधारावर असलेल्या आईचा बसू शकतो.

भाच्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. मृत्यूनंतर जोडीदार आणि पात्र अवलंबित शिल्लक स्वतःच्या वैद्यकीय खर्चासाठी वापरू शकतात. अवलंबित नसलेल्या वारसाला ती देण्याची सोय ठेवली, तर करसवलत फक्त त्या एका खात्यापुरती नव्हे, साऱ्या योजनेची जाते, असे आयआरएसने २००६ साली सांगितले आहे. मृत्युपत्रात या खात्याचा उल्लेख करून उपयोग नाही. तुमच्यासारख्या एकट्या व्यक्तीने शिल्लक जपून ठेवण्यापेक्षा मेडिकेअर पार्ट बीचे (डॉक्टरांच्या खर्चाच्या विम्याचे) हप्ते तिच्यातून भरून घेणे मला शहाणपणाचे वाटते. २०२५ साली तो मूळ हप्ताच दरमहा १८५ डॉलर होता.

प्रश्न : मी अजून नोकरीत आहे, युनिफॉर्म मेडिकल प्लॅन या आरोग्यविम्याचा हाय डिडक्टिबल पर्याय आणि त्यासोबतचे एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, वैद्यकीय खर्चासाठीचे करमुक्त बचत खाते) घेतले आहे. दरवर्षी आजारपणाच्या साठ दिवसांवरील शिल्लक रजेचे पैसे व्हेबात जातात. दोन्ही चालेल का?

उत्तर : सर्व वैद्यकीय खर्च देणारे एचआरए चालू असताना एचएसएमध्ये भर घालता येत नाही. व्हेबा खाते दात आणि डोळ्यांपुरते मर्यादित करून घेण्याचा अर्ज आधी द्या, मग एचएसए चालेल.

प्रश्न : ६१ व्या वर्षी निवृत्त झाले. मेडिकेअरपर्यंत वॉशिंग्टन हेल्थप्लॅनफाइंडर या राज्याच्या विमा-संकेतस्थळावरून विमा घेणार आहे. हप्त्यावरची सरकारी सबसिडी मिळेल ना?

उत्तर : उत्पन्नाच्या अटीत बसत असलात तरी, ज्या महिन्यात खात्यात वापरता येण्याजोगी शिल्लक आहे त्या महिन्याची सबसिडी मिळत नाही; आणि नकळत घेतली तर विवरणपत्र भरताना परत करावी लागते. त्यासाठी खाते तात्पुरते स्थगित करता येते. स्थगितीच्या काळात झालेला सर्वसाधारण वैद्यकीय खर्च मग नंतरही मागता येत नाही. तेव्हा वर्षभराची सबसिडी किती आणि त्याच वर्षात खात्यातून किती खर्च भागवणार, हे दोन आकडे शेजारी मांडा, आणि स्थगितीचा अर्ज करायचा झाल्यास तो विमा सुरू होण्याच्या आधीच्या महिन्यात करा.