रोज चालणाऱ्या आणि ऑटोक्रॉसला नेण्याच्या गाडीसाठी ब्रेक पॅड व डिस्क

मुलुंड ते वांद्रे-कुर्ला संकुल हा रोजचा प्रवास आणि मोसमात अधूनमधून रविवारचे ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत कोन, म्हणजे प्लास्टिकचे शंकू, मांडून आखलेल्या मार्गावर एकेका गाडीची वेळ मोजणारी स्पर्धा) या दोन्हींसाठी तुम्ही एकच पोलो जीटी वापरता, तिचे पुढचे पॅड आणि डिस्क संपत आल्या आहेत, आणि मित्रांनी शर्यतीचे पॅड व भोकांच्या डिस्क बसवण्याचा सल्ला दिला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. माझे मत असे की या दोन्ही गोष्टी घेऊ नयेत. ऑटोक्रॉसमध्ये ब्रेक फारसे तापतच नाहीत. तुमच्या वापरात पॅडची परीक्षा होते ती थंड असताना, आणि निवड त्यावरच व्हायला हवी.

थोडा हिशेब करून पाहा. चालकासह सुमारे 1,200 किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून 30 वर आणताना ब्रेकना साधारण 125 किलोज्यूल ऊर्जा शोषावी लागते. त्यातला 70 टक्के भार पुढच्या चाकांवर येतो असे धरले, तर एकेका डिस्कच्या वाट्याला 44 किलोज्यूल येतात, आणि पाच-सहा किलोची बिडाची डिस्क तेवढ्याने 15 ते 20 अंशांनीच तापते. मिनिटभराच्या फेरीत असे सहा-सात वेळा ब्रेक लागले, तरी डिस्क दीडशे अंशांच्या आसपासच राहते आणि पुढच्या फेरीची पाळी येईपर्यंत बरीच निवते. निव्वळ शर्यतीसाठी बनवलेल्या पॅडची पकड मात्र डिस्क याच्या दुपटीने तापल्यानंतर कुठे खुलते. म्हणजे पहिल्याच कोनाशी तुम्ही पेडल दाबाल आणि गाडी अपेक्षेइतकी मंदावणार नाही. सोमवारी सकाळी पूर्व द्रुतगती महामार्गावर रिक्षा आडवी आली, तर तेथेही हेच होईल, आणि तेथे कोनाऐवजी माणसे असतील. शिवाय असे पॅड थंड असताना डिस्क झपाट्याने खातात आणि प्रत्येक सिग्नलला किंचाळतात.

तुमच्या गाडीचे ब्रेक सर्वांत जास्त तापण्याची जागा वेगळीच आहे, ती म्हणजे बोरघाट. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे 550 मीटरची उंची कमी होते. याच वजनाच्या गाडीसाठी ही ऊर्जा 6,000 किलोज्यूलच्या वर जाते, आणि चार माणसे व सामान असेल तर आणखी वाढते. त्यातला मोठा वाटा इंजिन आणि हवा शोषतात, पण तो खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्यांच्या बाबतीत. चौथ्या गिअरमध्ये सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याला खोपोलीच्या अलीकडेच जळका वास येतो. म्हणून पॅड असा हवा, जो थंड असताना लगेच पकडेल आणि घाटातही पकड सोडणार नाही.

पॅडच्या मागच्या बाजूला किंवा कडेवर छापलेल्या क्रमांकाच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर कमी तापमानातले घर्षण सांगते आणि दुसरे तापल्यावरचे. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45 आणि जी म्हणजे 0.45 ते 0.55. हे पट्टे रुंद आहेत, त्यामुळे दोन एफएफ पॅडही पायाला वेगळे लागू शकतात. तरीही पहिले अक्षर ई असलेला पॅड तुम्ही घेऊ नये. एफएफ किंवा एफजी दर्जाचा, रस्त्यावरच्या जोरकस वापरासाठीचा सेमी-मेटॅलिक (मिश्रणात धातूचे कण असलेला) पॅड तुम्हाला योग्य ठरेल. सिरॅमिक पॅड शांत असतात आणि चाकांवर काळी धूळ कमी टाकतात, पण पेडलला पाय लागताक्षणी मिळणारी पकड त्यांच्यात बहुधा सौम्य असते. हॉक कंपनीचा एचपी प्लस हा पॅड ऑटोक्रॉससाठी प्रसिद्ध आहे आणि तो थंडही चांगला चालतो, मात्र त्याचा आवाज आणि धूळ रोजच्या गाडीत सगळ्यांना सहन होत नाही. त्याच कंपनीचा एचपीएस अधिक सोसवतो. पुढे फार आक्रमक पॅड टाकण्यात आणखी एक अडचण आहे. तुमच्या गाडीला मागे ड्रम आहेत, ते होते तसेच राहणार, त्यामुळे पुढची चाके लवकर घसरू लागतील आणि एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, आधीच मध्ये पडेल.

डिस्कबद्दल फार विचार करण्याची गरज नाही. मूळ मापाची, चांगल्या कंपनीची, मधे हवेचे मार्ग असलेली साधी डिस्क घ्या. जुन्या काळचे पॅड तापले की वायू सोडत, त्याला वाट मिळावी म्हणून भोके पाडली जात; आजच्या पॅडना त्याची गरज उरलेली नाही, आणि भोकांच्या कडेपासून डिस्कला तडे जातात. खाचांची डिस्क चालेल, पण ती पॅड लवकर झिजवते आणि ऑटोक्रॉसमध्ये त्या बदल्यात काही देत नाही. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी नारिंगी गंज दिसतो आणि पहिल्या दोन-तीन ब्रेकना खरखर ऐकू येते. तो डिस्कचा दोष नव्हे. जुनी डिस्क लेथवर घासून वापरायची असेल, तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी आधी वाचा आणि मोजमाप स्वतः समोर उभे राहून करून घ्या. नवी बसवताना हबवरचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने पूर्ण साफ झालाच पाहिजे. तेथे एखादी खपली राहिली, तर डिस्क किंचित तिरकी फिरते, तिची जाडी हळूहळू असमान होते आणि काही महिन्यांनी पेडल थरथरू लागते. मग गॅरेजवाले ‘डिस्क वाकली’ म्हणतात आणि ग्राहक पुन्हा नवी डिस्क घेतो.

खरेदी ऑपेरा हाऊसच्या बाजारात करणार असाल, तर बिलावर भाग क्रमांक लिहून घ्या आणि डाव्या-उजव्या पॅडवरची अक्षरे दुकानातच जुळवून पाहा. ब्रेकच्या पॅकिंगची नक्कल फार होते.

पॅड काढले की दोन्ही बाजूंची झीज शेजारी ठेवून पाहा. आतला पॅड पत्र्यापर्यंत पोचला आहे आणि बाहेरचा अर्धा शिल्लक आहे, असे दिसले, तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) सरकत्या पिना अडकल्या आहेत. मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत रबरी टोपी फाटली की आतले ग्रीस वाळून तपकिरी चिकटा होतो. त्या पिना साफ करून ब्रेकसाठीचे ग्रीस लावल्याशिवाय नवे पॅड बसवू देऊ नका. ब्रेक ऑइलही त्याच वेळी बदला, कारण ते हवेतला ओलावा शोषते: डॉट 4 या दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना 230 अंश आणि ओलावा शोषल्यावर 155 अंश असतो. डॉट 4 तुम्हाला पुरेसे आहे. ते दरवर्षी पावसाळा संपल्यावर, म्हणजे मोसमाच्या तोंडावर बदलावे.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवून घेणे ही लोक सर्वांत जास्त टाळतात अशी पायरी आहे. पॅडसोबत सूचना आल्या असतील, तर त्याच पाळा. नसतील, तर पहाटे पनवेलच्या पुढे जुन्या पुणे रस्त्यावर, मागे कोणी नाही याची खात्री करून, ताशी 60 वरून 15-20 पर्यंत मध्यम-जोरात ब्रेक लावा, असे आठ-दहा वेळा करा, आणि मग काही किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवून डिस्क निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका. तेवढ्याच जागी पॅडचा थर चिकटतो. नंतर कोरड्या, मोकळ्या डांबरावर एकदा पूर्ण जोराने ब्रेक दाबून पाहा. एबीएस चालू झाले, तर टायर पेलतील तेवढा जोर ब्रेकमध्ये आधीच आहे. मग उरलेले पैसे आणखी महागड्या पॅडवर न घालता टायरसाठी ठेवा.