बाबांना ऑपरेशन झेपेल का?

प्रश्न : सासरे 71 वर्षांचे आहेत, बिडी जन्मभराची. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या लोबमध्ये (कप्प्यात) 3 सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ निघाली. सर्जन काढू म्हणतात, पण आधी जिने चढवून बघणार आहेत. नातेवाईक म्हणतात, या वयात चिरफाड नको. रिपोर्ट सोबत पाठवले आहेत. टेस्टमध्ये वेळ वाया जातोय का? – एक सून, बार्शी

उत्तर : ताई, नुसतं वय बघून मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. पंचावन्न वर्षांच्या एकाला मात्र म्हणावं लागलं. त्याला अंघोळ करतानाच धाप लागायची.

गाठ निघेल, पण उरलेल्या फुप्फुसावर बाबांचं भागेल का, हे सर्जनना बघायचंय. हिशेब सोपा आहे. दोन्ही फुप्फुसांचे मिळून 19 भाग धरतात, त्यातले 3 त्या लोबमध्ये. बाबा पहिल्या सेकंदात 1.6 लिटर हवा बाहेर टाकतात, म्हणजे त्यांच्या वया-उंचीच्या निरोगी माणसाकडून असलेल्या अपेक्षेच्या 64 टक्के. 16 भाग उरले की ते 54 टक्क्यांवर येतील. 60 च्या वर राहिले असते तर फार अडलं नसतं, 30 च्या खाली गेले असते तर मलाच धास्ती वाटली असती. जिना आहे तो या मधल्यांसाठी. 22 मीटर, म्हणजे सातेक मजले, चढले तर धोका कमी. नाही जमलं तरी दार बंद होत नाही. मग मास्क लावून सायकल चालवायची टेस्ट करतात.

ऑक्सिजन रक्तात किती उतरतो, ती टेस्ट मात्र तुमच्या कागदांत दिसली नाही. ती मागून घ्याच. बिडीवाल्यांची फुंक बरी आणि ही टेस्ट खराब, असं मी खूपदा पाहिलंय.

पेट स्कॅनमध्ये, म्हणजे जास्त साखर खेचणाऱ्या जागा चमकवून दाखवणाऱ्या तपासणीत, छातीच्या मधल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) चमकल्यात, म्हणून घाबरला असाल. आपल्याकडे टीबीच्या गाठीही तशाच चमकतात. सुईने तपासल्याशिवाय कॅन्सर पसरला असं धरून बसू नका.

या दिवसांत बिडी पूर्ण बंद. ‘जेवणानंतर एकच’ हेही नाही. तीन चेंडूंचं यंत्र आणा. त्यात फुंकायचं नसतं, श्वास हळू आत ओढून चेंडू वर धरायचा असतो. पहिल्या दिवशी बहुतेक जण फुंकतातच.

जिन्याच्या दिवशी बाबांना बूट घाला, चप्पल नको. आणि कुणी हाताला धरून चढवू नका. ते जिथे थांबतील, तो मजला आम्हाला खरा कळायला हवा.