पंपावरचं माप टीव्हीवर दाखवायचं तर

प्रश्न असा आहे : पेट्रोल पंपावर मापात पाप होतं अशा तक्रारी आल्यात, स्थानिक केबल चॅनलसाठी वीस मिनिटांचा भाग करायचा आहे, बटण कॅमेरा (शर्टाच्या बटणात लपणारा) कुठला घ्यावा?

आधी कॅमेरा बाजूला ठेवा. असे कार्यक्रम चित्रणात फारसे फसत नाहीत, मोजणीत फसतात. प्रेक्षकाला मालकामागे माइक घेऊन धावणारा वार्ताहर आठवतो, समोरच्या वकिलाला मात्र शिक्का नसलेला काटा दिसतो.

शिवाय नॉझलजवळ बटण कॅमेरा, मोबाइल, बॅटरीचा लाइट यांतलं काहीच न्यायचं नाही. तिथे पेट्रोलची वाफ असते आणि ही उपकरणं ठिणगीरोधक नसतात. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल घेऊन माप दाखवणंही सोडा. ते धोक्याचं आहेच, वर बाटलीवरच्या रेषेला कायद्यात काही किंमत नाही. चित्रण पंपाच्या हद्दीबाहेरून, ट्रायपॉडवर, लांब झूमने करा. शटर 1/50 ठेवा, फ्रेम रेट 25. त्याहून वेगवान शटरवर डिस्पेन्सरचे, म्हणजे पेट्रोल भरणाऱ्या यंत्राचे, आकडे अर्धवट उमटतात, आणि नेमके तेच आकडे तुम्हाला स्पष्ट हवे असतात.

उघड मोजणी सोपी आहे. पंपावर वैधमापनाचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असावंच लागतं आणि ग्राहक ते मागू शकतो. आधी ते एकदा भरून ओतून टाकायचं, म्हणजे आतून ओलं होतं. कोरड्या मापात थोडं पेट्रोल भिंतींना चिकटून कमी दिसतं. मग सपाट जागी ठेवून भरायचं आणि डोळा मापाच्या मानेवरच्या रेषेच्या पातळीत आणून लगेच वाचायचं. पाच लिटरला 25 मिली कमी-जास्त चालतं. ते चहाचे पाच चमचे झाले, तेवढ्यावर ‘लूट’ अशी पट्टी चालवू नका. माप उन्हात ठेवून पीटीसी (कॅमेऱ्याकडे बघून बोलणं) करत बसलात तर आकडा बदलतो. पेट्रोल 10 अंशांनी तापलं की साधारण एक टक्का फुगतं, म्हणजे पाच लिटरला 50 मिली. खरी तूट त्यात झाकली जाईल.

पण माप मागितल्यावर माप बरोबर येतं, हीच या विषयातली गोम आहे. 2017 साली लखनौत पंपांवर कमी पेट्रोल भरणाऱ्या, रिमोटने चालू-बंद होणाऱ्या चिप सापडल्या. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात पंपांवर छापे घातले, तेव्हा डिस्पेन्सरमधल्या इलेक्ट्रॉनिक भागांत केलेले फेरफार बाहेर आले. म्हणून साध्या गिऱ्हाइकासारखी, न सांगता केलेली मोजणीही लागते. त्यासाठी मोटारसायकल आणि वजनकाटा पुरतो. 300 किलोपर्यंत तोलणारा, 50-50 ग्रॅमच्या टप्प्यांत आकडा दाखवणारा, मुद्रांकन झालेला (सरकारी शिक्क्याचा) प्लॅटफॉर्म काटा पंपापासून दोनेकशे मीटरवर ठेवा. टाकी जवळपास रिकामी करा, स्वार उतरवून गाडीचं वजन घ्या, आठ लिटर भरा, पुन्हा वजन घ्या. दोन्ही वेळा हेल्मेट, डिकीतली पिशवी, सगळं तेच असू द्या. काट्याचा आकडा आणि पंपाची पावती एकाच शॉटमध्ये, मध्ये न कापता दिसली पाहिजे.

दोन वजनांतल्या फरकाला घनतेने भागलं की भरलेले लिटर कळतात, आणि इथे घनतेची चूक हमखास होते. पंपावर लिहिलेली घनता 15 अंश तापमानाची असते. समजा ती 745 (लिटरला 745 ग्रॅम) आहे, तर 30 अंशांना साधारण 732 होते. ही दुरुस्ती केली नाही तर आठ लिटरमागे शंभरेक ग्रॅमची ‘चोरी’ तुम्हीच तयार करता. पाच टक्के काटा मारला असेल तर फरक 290 ग्रॅमच्या आसपास येतो आणि तो काट्यावर दिसतो. अर्धा टक्का म्हणजे 29 ग्रॅम, ते या काट्याला कळतच नाही. 50-100 ग्रॅमच्या फरकावर बोलू नका. एकाच पंपावर वेगवेगळ्या वेळी निदान तीनदा, दोन नॉझलवर मोजा, आणि ज्याच्याबद्दल तक्रार नाही असा एक पंपही त्याच पद्धतीने मोजा. तिथेही तूट आली तर दोष तुमच्या पद्धतीत आहे.

छुपा कॅमेरा लागलाच तर तो कार्यालयातल्या बोलण्यासाठी. वृत्तवाहिन्यांची स्वनियमनाची आचारसंहिताही स्टिंगला शेवटचा उपाय मानते. 2007 मध्ये दिल्लीतल्या एका शिक्षिकेवर बनावट स्टिंग दाखवल्यावर संबंधित चॅनल महिनाभर बंद ठेवलं गेलं, हे विसरू नये. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी लावा. फुटेजवर भलत्याच सालाची तारीख उमटली की उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच. बाहेरच सुरू करा, तारीख-वेळ-ठिकाण तोंडाने बोला आणि बाहेर येईपर्यंत थांबवू नका. मान नाही, छाती वळवायची, नाहीतर अर्धा तास भिंतीचं चित्रण मिळतं. समोरच्याला पैसे देऊ करून बोलतं करू नका.

मालकाची गाठ सर्वांत शेवटी घ्यायची, पडद्यावर ती कुठेही दिसो. त्याआधी लेखी प्रश्न पाठवा, त्यांत तारीख, वेळ, नॉझल क्रमांक आणि तुमचे आकडे हवेत. प्रत तेल कंपनीला आणि वैधमापन कार्यालयाला. ‘आपल्यावर आरोप आहेत, काय म्हणाल’ असा मोघम मेल आदल्या संध्याकाळी टाकणं म्हणजे उत्तर मागितल्याचं नाटक. उत्तर आलं तर आरोपाला लागूनच दाखवा, शेवटच्या पाट्यांत कोंबू नका.

स्क्रिप्टमध्ये ‘पंपाने चोरी केली’ असं म्हणू नका, ‘तीन मोजण्यांत इतकं कमी भरलं’ म्हणा. हेतू काय होता हे सील उघडल्यावर यंत्रणा ठरवेल. नॉझलवरच्या पोराचा चेहरा मोझॅक करा, छातीवरचा बिल्ला आणि आवाजही. तो पगारी माणूस, आणि चेहरा झाकून नाव तसंच ठेवण्याची चूक फार होते. पुन्हा घडवून घेतलेल्या दृश्यावर ‘नाट्यरूपांतर’ ही पट्टी पूर्ण वेळ हवी, दोन सेकंद नव्हे. मालक एका प्रश्नावर गप्प बसला आणि तुम्ही तो शॉट दुसऱ्या प्रश्नामागे जोडला, तर आधीची सगळी अचूक मोजणी वाया.

कॅमेऱ्याची मूळ मेमरी कार्डं पुसू नका. दोन प्रती काढा आणि हॅश व्हॅल्यू (फाइलमधून संगणकाने काढलेला, फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) त्याच दिवशी नोंदवा, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात ती भरावी लागते. बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत एक वर्षाची आहे, मात्र भाग पुन्हा दाखवलात की वाद नव्याने उभा राहू शकतो.