पहिल्यांदाच दिवाळी अंकात लेख येतोय. 'लेखक परिचय' म्हणून काय लिहू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, गावातल्या दूध संकलन केंद्रावर नोकरी, दावण रिकामी झालेल्या एका शेजाऱ्यावर लेख लिहिलात, तो एका दिवाळी अंकानं घेतला आणि आता संपादक ५० शब्दांत परिचय मागतायत. पुस्तक नाही, पुरस्कार नाही. स्वतःला 'लेखक' म्हणवून घ्यायची लाज वाटते. शिवाय गावात हसतील म्हणून टोपणनाव घ्यावं का, असंही विचारलंय.

मी गेली १४ वर्षं एका दिवाळी अंकाची प्रुफं वाचतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी, हे पावसाळ्यात सुरू होऊन दसऱ्याच्या आसपास संपणारं जोडकाम. कथा-लेख एकेक करून हाती येतात, परिचय मात्र शेवटी, घाईत, एकगठ्ठा. पंचवीस-तीस परिचय ओळीनं वाचले की सगळी माणसं एकाच घरातली वाटायला लागतात. प्रत्येकाला लहानपणापासून वाचनाची आवड, प्रत्येकाचं विविध नियतकालिकांतून लेखन, प्रत्येकाचा छंद भटकंती. एका वर्षी मी मनातल्या मनात दोन परिचयांची नावं बदलून पाहिली. काहीही बिघडलं नाही.

मीही त्यातलाच. माझ्या पहिल्या लेखाबरोबर 'अनेक नियतकालिकांतून सातत्याने लेखन' असं मी ठोकून दिलं होतं. अंक घरी आला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान नाकाजवळ धरून वाचलं आणि विचारलं, "अनेक म्हणजे कुठली रे?" तोवर वाचकांच्या पत्रव्यवहारात माझी दोन पत्रं आली होती, त्यातलं एक नळाला कमी दाबानं येणाऱ्या पाण्याबद्दल. काका पुढे काही बोलले नाहीत, पण त्या दिवाळीत घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे अंक त्याच पानावर उघडून ठेवायचे.

'लेखक' शब्दाच्या लाजेचं आधी बघू. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, झाल्याची ओवी आहे. तिथे टीका, म्हणजे गीतेवरचं हे भाष्य, ज्ञानेश्वरांनी केली असं म्हटलंय आणि 'लेखकु' म्हटलंय ते सच्चिदानंदबाबांना. सांगितलेलं लिहून घेणारा तो लेखक. शेजाऱ्याच्या गोठ्यात जे घडलं ते तुम्ही उतरवून घेतलंत, तेव्हा या अर्थानं तर तुम्ही लेखक आहातच. तरी परिचयात तो शब्द घालू नका. लेखाखाली नाव तुमचं आहे, म्हणजे तो तुम्हीच लिहिलाय हे वाचकाला कळतं.

मग लिहायचं काय? मला विचाराल तर मराठीत याचा सगळ्यात चांगला नमुना तुकोबांचा आहे. संतांनी विचारलं म्हणून त्यांनी एका अभंगात स्वतःची हकिकत सांगितली, तीही 'असं बोलू नये, पण तुमचा शब्द मोडवत नाही' एवढं म्हणून. आणि सांगितलं काय, तर जात, धंदा, आईबाप गेले, दुष्काळात पैसा आणि मान दोन्ही गेलं, एक बायको अन्न अन्न करत मेली, व्यवहारात तोटा आला. देवाचं देऊळ मोडलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. सुरुवातीला एकादशीचं कीर्तन करत असे, अभ्यासात मन नव्हतं, मग संतांची काही वचनं विश्वासानं पाठ केली. एवढ्या मोठ्या माणसाच्या ओळखीत स्वतःचं कौतुक करणारं एक विशेषण नाही. सगळं घडलेलं आणि केलेलं. (तुकोबांशी तुलना कशाला, असं कुणी म्हणेल. तुलना नाही, उसनवारी आहे.)

तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं तुम्ही लिहिलंय आणि त्याच प्रश्नात, तिसऱ्या ओळीत, सहज लिहून गेलात की शेजाऱ्याचं दूध वहीत नऊ लिटरवरून अडीचवर आलं तेव्हाच तुम्हाला कळलं होतं, त्याच्या भावाला कळायच्या आधी. परिचय तिथे आहे. रोज पहाटे प्रत्येक घराचं लिटर, फॅट (दुधातला स्निग्धांश) आणि डिग्री (दुधाच्या घट्टपणाचं माप) ज्याच्या हाताखालून जाते, त्याला गावातलं कुठलं घर बसत चाललंय हे सगळ्यात आधी दिसतं. हा लेख तुम्हीच का लिहायचा, याचं उत्तर तेच. एम.ए. झालेल्या कुणाला ते देता येणार नाही. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरून सांगतात आणि त्याखाली पॉइंट घसरला की पैसे कापले जातात, हे मात्र परिचयात कोंबू नका. शहरातल्या वाचकाला ते सांगायलाच हवं, पण लेखात.

मी मसुदा करायचा तर असा करीन:

'गावच्या दूध संकलन केंद्रावर सतरा वर्षं दूध मापतात आणि फॅट लावतात. केंद्रावर दूध घालणारं प्रत्येक घर ओळखीचं. हा त्यांचा पहिला छापील लेख.'

५० शब्द मागितलेत म्हणून ५० भरलेच पाहिजेत असं नाही. संपादक कमी शब्दांवर कधी रागावत नाहीत, उलट जागा वाचते. सतरा हा आकडा माझ्या मनचा आहे, खरा घाला. आणि 'मापतात, लावतात' हा आदरार्थ स्वतःच स्वतःला देताना कसंनुसं होतं, ते सगळ्यांनाच होतं. परिचय अंकातर्फे दिलेला असतो, म्हणून ती रीत. 'पहिला लेख' हे लपवू नका. ते वाचून मी प्रुफं बाजूला ठेवून लेखाकडे वळल्याचं तीन-चारदा तरी झालंय. 'ख्यातनाम' वाचून एकदाही नाही.

टोपणनावाचं म्हणाल तर आपल्याकडे त्याची हौस जुनी. १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही सगळी परंपरा सुरू करणारे का. र. मित्र हे मुळात आजगावकर, 'मित्र' हे त्यांनी घेतलेलं नाव. गडकरी कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम आणि नाटकाला राम गणेश गडकरीच. मला गंमत वाटते ती वेगळीच: केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा, गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ, कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. नाव झाकायला बसले आणि कोणाचे कोण ते सांगून मोकळे झाले. तुमचंही तेच होणार. लेखात केंद्र आहे, शेजारी आहे, रिकामी दावण आहे. वर कुठलंही नाव टाका, अंक गावात पोचला की सकाळचं दूध घालायच्या आत सगळ्यांना कळेल. खरं नाव लावा. टोपणनाव घेतलंतच तर संपादकांना बँक खात्यावरचं नाव वेगळं कळवा, नाहीतर मानधनाचा चेक टोपणनावानं येतो आणि बँक तो घेत नाही. आमच्याकडे हे दोनदा झालंय.

मला जास्त काळजी शेजाऱ्याची वाटते. लेखात त्याचं नाव आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर छापायला जायच्या आधी त्याला वाचून दाखवा.

आणि परिचयाचं प्रूफ मागून घ्या. लोक लेखाचं मागतात, परिचयाचं मागायला विसरतात. एका वर्षी एका गृहस्थांच्या नावाखाली 'मुक्त पत्रकार'च्या जागी 'मूक पत्रकार' छापून आलं, माझ्याच नजरेतून सुटलेलं. त्यांनी पोस्टकार्डावर एवढंच लिहून पाठवलं, 'यावर मी काय बोलणार?' गावाच्या नावापुढे तालुका लिहाच, एका नावाची दोन-चार गावं सहज सापडतात आणि जुळणीवाला त्याला माहीत असलेल्या गावाचा जिल्हा लावून मोकळा होतो.