टर्मिनलवर पॉपअप विंडो उघडली की मधेच गायब होते आणि स्क्रीन विस्कटते. दर वेळी सगळं पुसून परत काढू का? की कर्सेस (टर्मिनलवर विंडो काढायची लायब्ररी) सोडून दुसरी लायब्ररी घेऊ? (पायथन)

पुसून परत अजिबात काढू नका. ह्याच एका गोष्टीवरून माझं एका सिनियरशी वर्षभर वाजत होतं, म्हणून लिहितोय.

१९९६ साली एका पतसंस्थेचं काम होतं, एक युनिक्स सर्व्हर आणि काउंटरवर पाच डंब टर्मिनल (नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड), सिरियल केबलवर ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. कॅशियर मॅडम एफ३ दाबायच्या, खातं शोधायची छोटी विंडो यायची, खातं निवडलं की बंद. सिनियरच्या कोडात ती बंद झाली की अख्खी स्क्रीन क्लिअर आणि सगळं पहिल्यापासून परत. आता हिशोब करा, ८० बाय २४ म्हणजे १९२० अक्षरं, एका अक्षराला दहा बिट धरले तर ९६०० बॉडला सेकंदाला ९६० जातात, म्हणजे भरलेली स्क्रीन यायला दोन सेकंद, आणि समोर पगाराच्या दिवसाची रांग. मॅडमचा हात कशाला थांबतोय, त्यांना वाटलं एंटर लागलाच नाही म्हणून परत दाबला, तो बफरमध्ये पडून राहिला आणि पुढच्या 'सेव्ह करायचं का'ला जाऊन लागला. संध्याकाळी कॅश जुळेना, रात्री नऊपर्यंत बाई एकेक स्लिप तपासत बसल्या होत्या. सिनियर आधी म्हणाले केबल खराब आहे, मग म्हणाले विंडोचे लाड हवेत कशाला.

केबल चांगली होती. कर्सेस दोन चित्रं जवळ ठेवतं, स्क्रीनवर आत्ता काय आहे आणि काय असायला हवं, आणि फक्त फरक पाठवतं. क्लिअर म्हणजे पुढच्या रिफ्रेशला सगळं नव्याने पाठव असा हुकूमच, पुसायचंच असेल तर इरेज आहे ना! मी क्लिअर काढला, खालच्या विंडोला टच केलं (म्हणजे ती बदलली असं धरायला लावलं), प्रत्येक विंडोला noutrefresh (फक्त 'काय असायला हवं' ते चित्र बदलतं) आणि शेवटी एकच doupdate (फरक टर्मिनलला पाठवतं). १० ओळी गुणिले ४० कॉलमची विंडो, ४०० अक्षरं, अर्ध्या सेकंदात काम झालं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, मशीन नवीन आणलं का?

तुमची विंडो गायब होते कारण तुम्ही बहुतेक मेन स्क्रीनवर गेटसीएच (दाबलेली की वाचायचं फंक्शन, getch) करताय. मेन स्क्रीनवर काही बदललेलं असेल तर गेटसीएच आधी ती रिफ्रेश करतं आणि पॉपअपच्या डोक्यावर येऊन बसतं. दाबलेली की पॉपअपच्या विंडोवरच वाचा. आणि एकावर एक विंडो असतील तर कर्सेस डॉट पॅनेल (curses.panel) हे मॉड्युल घ्या, कोण वर कोण खाली ते कर्सेसला माहीत नसतं, पॅनेलला असतं. लायब्ररी बदलून ही सवय बदलत नाही, सिनियरही पुढे दुसऱ्या टूलवर गेले आणि तिथेही क्लिअरच करायचे.

हां, विंडोजवरच्या पायथनसोबत कर्सेस येत नाही, ते वेगळं टाकावं लागेल. आणि विंडोत मराठी दाखवणार असाल तर आधी टर्मिनलवर तपासा, काना-मात्रा-जोडाक्षरांची रुंदी प्रोग्राम एक धरतो आणि टर्मिनल दुसरी, मग उजवीकडची बॉर्डर ओळीओळीला सरकते.